खात्याची पिकअप

दिंडोरी रोडवरच्या रेकॉर्ड रूममध्ये
मी जुने फोटो स्कॅन करते. नगावर पैसे.
नाकाला रुमाल, कारण खोकं उघडलं की
आधी कसर बाहेर पडते, मग माणसं.

तिसऱ्या खोक्यात ती पहिल्यांदा दिसली.
दोन तुकड्यांची काच, गोल दिवे,
बॉनेटवर एक पोचा, ताटलीएवढा,
मागे लाकडी फळ्यांचा हौदा.
नंबर प्लेट चिखलाने भरलेली.
रंग विचारू नका,
काळ्यापांढऱ्यात सगळ्या सरकारी गाड्या
राखेच्याच असतात.

पाठीमागे टाइप केलेलं:
गंगापूर धरण, मातीकाम. डावीकडून
कार्यकारी अभियंता, नामदार पाहुणे, ओव्हरसियर.
गाडीबद्दल अक्षर नाही.

मग ती भेटतच राहिली.
हौद्यात कधी सिमेंटच्या गोण्या, कधी दुर्बिणीची तिवई,
कधी गावातून आणलेल्या वेताच्या खुर्च्या, पाय वर करून,
एकदा तर वासरू, दावं स्टेपनीला.
भद्रकालीतल्या युनूसभाई मिस्तरींना मोबाइलवर दाखवली.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
देवळालीच्या लिलावातली असणार, लष्कराची.
स्टिअरिंग बघ, डावीकडे.
हिला हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा,
नाहीतर गेला.

फोटो तसे वाईटच.
साहेब भुवयांपाशी कापलेले,
नामदारांचा अर्धा हार चौकटीबाहेर,
धरण कोपऱ्यात, वारुळाएवढं.
गाडी मात्र
बंपरपासून हौद्याच्या कडीपर्यंत सबंध,
पुसलेली, उन्हाकडे तोंड करून,
दाखवायला उभी केल्यासारखी.
आमचे सुपरवायझर म्हणाले, गाडी जास्त येतेय, क्रॉप करा.
मी हो म्हटलं आणि केलं नाही.

बाराव्या खोक्यात एक फोटो संध्याकाळचा.
पुढून एक लांब सावली आलेली, थेट चाकापर्यंत,
दोन्ही कोपरं फाकलेली, छातीशी काहीतरी धरलेलं,
डोक्यावर ड्रायव्हरची टोपी.
आणि डावीकडची सीट रिकामी.
दार उघडं.

मी मागचे सगळे पुन्हा उघडले.
चौसष्ट फोटो.
सीट एकदाही भरलेली नव्हती.

लॉगबुक खोक्याच्या तळाशी होतं, ग्रीसच्या बोटांचं.
चालक: सखाहरी गांगुर्डे.
पेट्रोल, मैल, सही. पेट्रोल, मैल, सही.
मध्येच एक ओळ, घाईतली:
रात्री पावणेदोन. धरण ते सिव्हिल, नऊ मैल.
मजूर बाई, अडलेली.
शेजारी लाल शाईत दुसऱ्या कुणाचं सुबक अक्षर:
खासगी वापर. पगारातून वसूल.

त्या वहीतच दडपलेला होता
पाठीवर काहीही न लिहिलेला एक फोटो.
हौद्याची मागची फळी खाली पाडलेली,
तिच्यावर एक बाई, पाय लोंबते सोडून,
मांडीवर कुंचीतलं बाळ.
बाईचं डोकं कापलेलं नाही.
वर चांगलं वीतभर आभाळ सोडलंय.
बाळाची मूठसुद्धा स्पष्ट आहे.
गाडी मात्र निम्मीच आली:
बॉनेट नाही, दिवे नाहीत,
तो पोचा कुठेच नाही.
फळ्यांवरून ओळखली मी तिला.

फॉर्ममध्ये रकाना असतो, छायाचित्रकार.
आजवर मोकळा सोडत आले.
आता नाव टाकायचं तर
चौसष्ट वेळा मागे जावं लागेल,
आणि दुरुस्तीला
नगाचे पैसे मिळत नाहीत.

पहिल्या खोक्यापासून सुरू केलंय.
सखाहरी. काना, मात्रा तपासून.